सकाळचं पहिलं एक्सपोजर

२ फेब्रुवारी
आलो एकदाचा! ताईने दारातच कान पिळला, दोन वर्षांनी तोंड दाखवतोयस म्हणाली, आणि लगेच पोटाशी धरून रडलीसुद्धा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ही सोळाची. तेव्हापासून माझी आई, बाप, मास्तर, सगळं हीच. मी मशीनं दुरुस्त करायचो त्या कारखान्याला टाळं लागल्यावर फोनही हिचाच आला. ती इस्पितळात एक्स-रे काढते. तिथलं मशीन रुसलंय, दुरुस्तीला बाहेरचा माणूस कशाला, तू घरचा आहेस, म्हणाली. हेच मशीन भावोजींनी अकरा वर्षं सांभाळलं. आता वर्षभर ते अंथरुणाला खिळलेत. दोन्ही हातांची बोटं ओल्या मोज्यासारखी लोंबतात आणि डॉक्टरांना काही उमगत नाही. मला बघून मात्र डोळ्यांनी हसले. त्यांना बरं करणं माझ्या हातात नाही, पण त्यांचं मशीन तरी ताळ्यावर आणीन.

३ फेब्रुवारी
मशीन म्हातारं आहे, पण देखणं. खोड एकच. रोज सकाळी किरणांची नळी तापावी म्हणून रिकाम्या टेबलावर दोन-तीन छोटी एक्सपोजर, म्हणजे किरणांचे झोत, द्यावी लागतात, आणि नेमकी तीच हे देत नाही. बटणाला दोन टप्पे आहेत. अर्धं दाबलं की नळीतली चकती फिरू लागते, पूर्ण दाबलं की किरण सुटतात. इथे पूर्ण दाबलं की लाल दिवा लागतो आणि मशीन तोंड फिरवून बसतं. मी बटण उघडलं, विजेचा दाब मोजला, केबलचे सांधे तपासले. सगळं ठणठणीत.

शेवटी ताई म्हणाली, तुझे भावोजी करायचे तसं कर. नळीच्या खोक्याखाली उजवा हात लाव, मी बाहेरून फक्त अर्धं दाबते, चकती फिरतेय का ते हाताला कळेल. फिरत होती, मांजर गुरगुरावं तशी. बाहेर आलो आणि त्यानंतर मशीन दिवसभर सुतासारखं सरळ! ताई म्हणाली, तुझा पायगुण चांगला. मी कॉलर ताठ करून घेतली.

७ फेब्रुवारी
रोज तेच. सकाळी लाल दिवा, मग मी हात लावायचा, मग सगळं सुरळीत. खरा बिघाड सापडत नाही याची बोच आहे. ताई म्हणते, चाललंय ना, मग नसत्या उचापती कशाला? किरण किती लागले ते मोजणारा माझा बॅजही तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवलाय. मी पडलो वेंधळा, हरवून बसेन म्हणे.

घरी आनंदीआनंद आहे. भावोजींनी आज उजव्या हातात चमचा धरला. ताई डोळे पुसत पुन्हा म्हणाली, बघ, पायगुण.

११ फेब्रुवारी
हातातून पाना दोनदा निसटला. झोपेत हातावर पडलो असेन. भावोजी एका हाताने शर्टाची बटणं लावायला लागलेत. मी चिडवलं, आता माझीही लावून द्या. ते हसले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, तू परत जा. ताईने आतून हाक मारली आणि ते पुन्हा बटणांना लागले.

१४ फेब्रुवारी
जनरेटरचं कपाट उघडलं. आत एकूण एक्सपोजर मोजणारा आकडा असतो. ताई काढलेल्या एक्स-रेंची नोंद ठेवते त्या वहीशी ताडून पाहिला. वहीपेक्षा रोज एक जास्त, मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बारा दिवस, बारा जास्त.

किरण सुटताना मशीनने पीं करायला हवं. हे करत नाही, मला वाटलं म्हातारपण. त्या आवाजाची तार कापलेली आहे. चिमट्याने, व्यवस्थित, टोकाला टेप गुंडाळून.

अर्धंच दाबते म्हणाली होती.

१५ फेब्रुवारी
सकाळी तरीही मशीनपाशी गेलो. हात लावला. मला खात्री करून घ्यायची होती. गाढव मी.

दुपारी ती जेवायला गेल्यावर तिचं कपाट उघडलं. दोन पाकिटं होती. एकावर भावोजींचं नाव. पहिल्या फिल्मवर हाताची हाडं स्वच्छ दिसतात, पुढे फिकट होत जातात, शेवटच्यावर हाडंच नाहीत. नुसती मांसाची सावली. आधी उजवा हात, मग डावा.

दुसऱ्यावर माझं घरातलं नाव. बाळ्या. तेरा फिल्म. पहिलीवर माझी वाकडी करंगळी. लहानपणी ताईनेच चुकून दारात चेंगरली होती, आणि रात्रभर माझा हात मांडीवर घेऊन रडत बसली होती.

तेराव्या फिल्मवर करंगळीचं हाड नाही, बाकीची पुसट रेघांसारखी.

मशीनला रिकामं टेबल चालत नाही. ताईला ते माहीत होतं.

१६ फेब्रुवारी
विचारलं. नाही म्हणाली नाही. नवरा आहे माझा, म्हणाली. गेल्या महिन्यात तिने स्वतःचा हात ठेवून पाहिला होता, दोन दिवस. भावोजींचा अंगठा हलला. मग तिला भीती वाटली. मग मला फोन केला.

मी म्हणालो, ताई, तुझ्या मांडीवर वाढलो गं मी. ती म्हणाली, म्हणून तर एका हाकेत आलास.

पायगुण म्हणे!

१७ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितोय. उजव्यात काही उरलं नाही. बॅग भरली, पण चेन ओढवेना— दाराला बाहेरून कडी.

भावोजी आले. चालत. मला उठवायला उजवा हात पुढे केला. मी पाहिला तो हात. करंगळी वाकडी. माझी होती तिथेच, तशीच. त्यांची कधीच वाकडी नव्हती.

१८ फेब्रुवारी
आठ वाजले. मशीन तापवायची वेळ—
ताई दारात. एकदाच, म्हणते. बाळ्या म्हणते.
भावोजींनी दंड धरलाय. रडतायत, पण पकड पक्की. करंगळी रुततेय. माझीच—
त्यांचा उजवा बरा झाला. डावा अजून लोंबतोय.
ताई माझ्या डाव्या हाताकडे बघतेय. मी त्याच हाताने लिहि—