टाकीचं वजन

२४ मार्च १९४६, गोरेगाव (गोंदियाजवळ)
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं जंगल खात्यात हेडक्लार्क होतो. ज्याची नोंद नाही ते काम झालंच नाही, असं मी मानतो.
साहेब विलायतेला गेले, त्यांची जुनी मोटार मी घेतली. गोठ्यात उभी आहे. सगळी ठणठणीत, फक्त पेट्रोलच्या टाकीत गंज. ९ मेला वच्छलाचं लग्न. साक्षगंधाला सडक अर्जुनीचे आमचे इवाई, म्हणजे नवरदेवाचे वडील शालीकराम, वरातीच्या घोड्याबद्दल फार बोलत होते. मी भर बैठकीत म्हणालो, घोडा राहू द्या. जानोशापासून, म्हणजे वऱ्हाड उतरेल तिथून, मांडवापर्यंत नवरदेवाला मी स्वतः मोटारीतून आणीन, आणि मुलीची पाठवणीही मोटारीतूनच करीन. इवायांनी घोडा रद्द केला.
साडेसहा आठवडे हातात. टाकीला एक पुरे.

२८ मार्च
टाकी खाली उतरवली. नट चार, दिवस तीन. पेट्रोलशी संबंध असल्यामुळे आजपासून बिडी बंद.

२८ मार्च, दुपार
टाकीत अजून पेट्रोल नाही. बिडी चालू.

३० मार्च
बकाराम लोहाराला इन्स्पेक्शनसाठी बोलावलं. त्याने टिचकी मारली, कान लावला, आणि गंज आहे तसाच राहू द्या म्हणाला. गंजाची बाजू घेणारा लोहार आजच पाहिला. हत्यारं उसनी ठेवून घेतली, माणसाला परत पाठवलं.
धान्याच्या काट्यावर टाकीचं वजन केलं. नऊ शेर. गंज जितका निघेल तितकं वजन घटेल. प्रोग्रेस मोजायची ही पद्धत माझी स्वतःची.

२ एप्रिल
टाकीत आंबट ताक भरलं. घरातलं संपलं, मग शेजारच्या दोन घरांतलं. जेवताना कढी का नाही, असं मी सहज विचारलं. देवकाबाईंनी टाकीकडे बोट दाखवलं. पत्नीला यंत्रविद्येची आवड नाही.
मांडवाचे खांब आणायचे आहेत, लग्नाच्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत, असंही त्या म्हणाल्या. टाकी झाली की दोन दिवसांत दोन्ही.

८ एप्रिल
ताक ओतून दिलं. वास येतो. वजन साडेआठ शेर. उत्तम.

९ एप्रिल
ताकाने नरम पडलेला गंज आता खडखडवून सोडवायचा. नदीचे दीडशे गोटे धुऊन आत घातले आणि टाकी स्वतः हलवली. पंधरा मिनिटांत कंबर धरली. रोज सकाळी तासभर हलवायचा निश्चय.

१० एप्रिल
निश्चय रद्द. कंबर.

१२ एप्रिल
बैलगाडीच्या धक्क्यांचा उपयोग करायचा, असं सुचलं. आमचा गडी दुधराम रोज खाचराने शेतात खत टाकतो. त्याच्या खाचराच्या मागे टाकी बांधून दिली. रोज चार खेपा, रस्ता खडबडीत. मी नुसतं झाडाखाली बसून देखरेख करायची. डोकं असलं की कंबर लागत नाही.

१३ एप्रिल
आवाज जरा मोठा येतो. दवंडी आली असं समजून लोक दारात येतात आणि खाचर निघून गेलं तरी तिथेच उभे राहतात. एका म्हशीने दूध दिलं नाही. तिच्या मालकाने मला येऊन विचारलं, मोटार घेतली कायले आणि वाजवता कायले. त्याला समजावून सांगितलं. समजला नाही.

१९ एप्रिल
टाकीचा आजवरचा प्रवास अंदाजे साठ मैल. मोटारीचा शून्य. पण टाकी हा मोटारीचाच भाग आहे, त्यामुळे साठ मैल मोटारीच्या नावे धरायला हरकत नाही.
गोटे बाहेर काढले. दीडशे घातले होते, एकशे त्रेचाळीस निघाले. सात रजेवर आहेत.
वजन सात शेर!

२१ एप्रिल
लग्नाच्या चिठ्ठ्या लिहायला बसलो. वच्छलाने त्या आधीच लिहून पाठवल्या होत्या. स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण स्वतः लिहिलं, आणि खाली माझी सही पण केली. सही माझ्याहून बरी आहे.
संध्याकाळी मोटारीत अर्धा तास बसलो. बैठक छान जमते. भोंगा वाजवला. बैल उठून उभे राहिले.

२६ एप्रिल
पुन्हा ताक, पुन्हा गोटे, पुन्हा खाचर. बकाराम वाटेत दुधरामला भेटला आणि विचारत होता म्हणे, की अजून टाकी उरली आहे का. जळतो.

३ मे
वजन सव्वापाच शेर. फुलासारखी हलकी. एका हाताने उचलून देवकाबाईंना दाखवली. त्या पापड लाटून राहिल्या होत्या. बघितलं आणि लाटत राहिल्या.
टाकी उन्हात धरून तोंडातून आत पाहिलं. काय चकाकी! काळोखात चांदण्यांसारखे ठिपके चमकतात. विलायतेतल्या कारखान्यातून निघाली तेव्हाही अशी नसेल.

६ मे
गोंदियाहून कुपनावर चार गॅलन पेट्रोल आणलं. मांडवाचे खांब दुधरामने आणून उभे केले. ते मी आणणार होतो.

८ मे
टाकी बसवली. उद्या सकाळी पाहुण्यांसमोर पेट्रोल ओतायचं. एवढ्या मेहनतीला चार माणसं बघायला हवीत. मोटार गोठ्यातून ढकलून मांडवाशेजारी उभी केली.

९ मे, सकाळी सात
पहिला गॅलन ओतला. पन्नास माणसं जमली. टाकीला खालून घाम आल्यासारखं दिसतं. उन्हाळा आहे.

९ मे, सव्वासात
दुसरा आणि तिसरा ओतला. घाम नव्हता.

९ मे, दुपार
आतल्या चांदण्या म्हणजे भोकं होती. सतरा मोजली, मग मोजायचं सोडलं. अंगणाला उतार मांडवाकडे आहे आणि मांडवामागे आचाऱ्याच्या चार चुली पेटलेल्या होत्या. आचारी ओरडला. मग सगळ्यांनीच चुलींवर घागरी ओतल्या. चुली विझल्या, अर्धा शिजलेला भात तसाच राहिला, अंगणभर वास. चारशे माणसांचं जेवण आणि घराच्या आसपास काडी पेटवायची सोय नाही. वरात शाळेत उतरलेली, उपाशी.
मी पंपाची एक कल्पना सांगू लागलो. देवकाबाई म्हणाल्या, "तुमी आता फक्त उभे राहा. कायलेच हात नका लावू."
त्यांनी तांदूळ आणि डाळ गल्लीत घरोघर वाटली. गल्लीतल्या वीस चुलींवर लग्नाचं जेवण शिजलं. ज्या म्हशीने दूध दिलं नव्हतं तिच्या घरूनही एक हंडा वरण आलं. भाताची चव वीस प्रकारची होती, पण कोणी उपाशी राहिलं नाही. मी सांगितल्याप्रमाणे उभा होतो.
नवरदेव शाळेपासून मांडवापर्यंत पायी आला. ऊन तापलेलं, बाशिंग तिरपं, मागे वाजंत्री. इवाई शालीकराम बिडीशिवाय तीन तास बसले होते, कारण सगळीकडे मनाई. माझ्याजवळ येऊन एवढंच बोलले, "इवाईबुवा, घोड्याले टाकी नसते."
मी पानाचं तबक पुढे केलं. पाहुणे माणूस आहेत. लग्न मुहूर्तावर लागलं.

१० मे
पाठवणी. दुधरामने रेंगी धुऊन आणली होती, बैलांच्या शिंगांना रंग. वच्छला सकाळपासून रडत होती, आईही. निघताना मला कसंतरीच झालं. काही बोलायला हवं म्हणून म्हणालो, पोरी, टाकीने दगा दिला, नाहीतर आज तुला मीच मोटारीने सडक अर्जुनीला नेऊन सोडलं असतं.
तिने डोळे पुसले.
"बाबा, पण तुमाले मोटार चालवता कुठं येते?"
दीड महिन्यात हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.
उत्तराचा विचार करत होतो तेवढ्यात रेंगी निघाली. वळणापर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं. नवरदेवही हसत होता. बाकीच्यांच्या मुली रडत सासरी जातात.
मोटार अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.