कापसाच्या खोलीतला टेप

वहिनी,

दादा पिठाच्या डब्यात कधी हात घालत नाई, म्हणून चिठ्ठी यात ठेवली. वाचून झाली का चुलीत टाकजा.

काल दादा तुमच्यावर काऊन खवळला, थे तुमाले ठाऊक नाई. चूक माही हाये. कापसाच्या खोलीत मी एकतारीवरची माही गाणी टेप करतो. तिथूनच एक दिवस तुमचं जात्यावरचं गाणं न विचारता भरून घेतलं. टेप हळू फिरवून आवाज जाड केला, मांगं एकतारीचा टेप उलटा फिरवून जोडला. वाटलं, आता वहिनीले कोणी वळखत नाई. म्हणून कॅसेट पुलगावच्या चहावाल्याले वाजवाले देली, आन् काल दादा तिथंच चहा पीत बसला होता. एरवी तुम्ही त्याचं नाव घेत नाई, पण ओवीत घेतलं हाये, वहिनी. त्याच्या उठत्या हाताचंही सांगतलं हाये.

याच घरात राहून मले थे टेपवर समजलं. समजल्यावरही मी दहा वेळा ऐकलं, आन् फक्त सूर पाह्यला.

पहिल्या बसनं कॅसेट आणाले चाललो. दुपारी येतो. तोवर घरात थांबू नका, बसथांब्याजवळच्या मंदाकाकूकडं जाऊन बसजा.

नाचणगावले तुमच्या भावाले सांगू काय? या वेळी तुमाले विचारल्याबिगर काही करत नाई. सांगायचं असन तर काकूच्या दोरीवर निळं लुगडं वाळू घालजा. थे दिसलं का मी बसमधून उतरल्या पावली माघारी नाचणगावले जाईन.

तुमचा दीर,
पुंडलिक