पूर्णेचं स्थळ

सोनपेठ, सोमवार

प्रिय महानंदा,

होस्टेलात पाणी दिवसाआड येतं म्हणून लिहिलंस. आमच्या आडाला पाणी आहे, पण ओढायला तू नाहीस. माझी बोटं दुखायलीत, अक्षर वाकडं येईल. शाळेत दोनच वर्षं होते, तेव्हाही सरळ येत नव्हतं. तुमच्या विद्यापीठाच्या नावावरून तिकडं पुन्हा मोर्चे निघायलेत असं माझा कल्याण, तुझा बाप, म्हणतो. गर्दीत उभी राहू नकोस. राहिलीसच तर पायात चप्पल नीट घाल.

गुरुवारी तुझा बाप आणि मी पूर्णेला जाऊन आलो, सिद्धलिंगाचं घर बघायला. मुलगा रेल्वेत आहे, घरात तो आणि आई, एवढं बापानं तुला कळवलंच आहे. त्याला तिथं पक्क्या भिंती आणि नळ दिसला. मला कशाला नेलं ते तुला माहीत आहे. गल्लीत कुणाची सोयरीक ठरायची असली की मला संगं नेतात. मी माणसाला जेवताना बघते. घास कसा मोडतो, वाढणाऱ्याकडं बघतो का नुसता ताटाकडं, त्यावरून मी घर सांगते. मी सांगितल्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

तर मुलाची आई, गंगम्मा. पाय धुवायला पाणी दिलं, पण बोलणं तुटक. पदर गळ्यापाशी असा गच्च धरलेला की मला वाटलं, नवा दागिना झाकायलीय. पुरुष जेवून उठले, बायांची पाळी आली. जेवणाआधी मी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि पूजेला तिलाही बोलावलं. तर म्हणते, "तुमी करा आक्का, माझं व्हायचंय." पंगतीला बोलावलं तर म्हणते, "तुमी बसा, मला काम हाय." काम कसलं, भांडं न भांडं घासून पालथं घातलेलं. मी पुरणपोळी खाल्ली आणि ती भिंतीला टेकून बसून राहिली. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. सोयरीक करायला आलेल्या माणसाबरोबर घास मोडायचा नाही, म्हणजे तुम्ही आमच्या तोलाचे नाहीत, दुसरा काय अर्थ? पोरगा मात्र त्याआधी तुझ्या बापाशेजारी बसून चार पोळ्या जेवला, वर तूप मागून घेतलं.

ठेसनाच्या वाटेवर मी कल्याणला सांगून टाकलं, नको. बाईला लय मिजास आहे, आणि रेल्वेच्या क्वार्टरात राहून पूजाही सुटलीय. पोरगा बरा आहे, पण आपली पोरगी राहायची तिच्या हाताखाली.

ठेसनावर कळलं की परभणीत त्या नावाच्या भांडणाचा बंद आहे, पुढं एसटी मिळायची नाही. मग काय, आलो परत तिच्याच दारात. लाज वाटली असं खोटं सांगत नाही, राग आला. सिद्धलिंग घरी नव्हता. गंगम्मानं पुन्हा चूल पेटवली, आम्हाला वाढलं आणि पुन्हा तशीच भिंतीला टेकली. या खेपेला तिचे ओठ मला सुकलेले दिसले, पण मी म्हटलं, उन्हानं असतील.

सकाळी सिद्धलिंग आला. सायकलवर मागं म्हातारे जंगमस्वामी बसलेले. बंदमुळं त्यांना यायला गाडी नव्हती, म्हणून हा त्यांच्या गावाहून घेऊन आला. स्वामींनी पूजा मांडली, गंगम्माच्या गळ्यात नवं लिंग बांधलं, आणि मग ती पाणी प्याली. तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. आम्ही जायच्या आदल्या दिवशी नदीवर आंघोळ करताना दोरा तुटून तिचं लिंग पाण्यात गेलं होतं. लिंग गेलं की नवं बांधेपर्यंत आपल्या लिंगायतांत अन्नपाणी नाही, हे मी तुला लहानपणी शिकवलंय. तीच मी तिच्यासमोर बसून पोळ्या खात होते, आणि माझ्या ध्यानात आलं नाही.

आल्या आल्या का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाली, "आक्का, तुमी लेकीचं ठरवायला आलाव. दारातच असलं अशुभ कसं सांगू? तुमच्या जिवाला घोर लागला असता." आता हे आमच्या जिवासाठी, का सोयरीक मोडेल म्हणून? आगगाडीत माझ्या डोक्यात हेच. मी तिच्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं. मग मी कोण, भली का लबाड? आणि तो पोरगा. आईच्या पोटात पाणी नाही आणि हा तूप मागतो. तिनंच बजावलं होतं म्हणे, पोटभर जेव, पाहुण्यांना संशय यायला नको. आईचं ऐकलं म्हणून गुणी म्हणावं, का घास उतरलाच कसा म्हणून निगरगट्ट? सायकल मारत गेला हे खरं. पण आईसाठी गेलेला बायकोसाठीही जाईल, हे कशावरून? एक धरावं तर दुसरं निसटतं. शेजारच्या चतुराबाईनं काल पोरासाठी बघितलेल्या मुलीबद्दल विचारलं, "आक्का, पोरगी कशी वाटती?" मी म्हटलं, मला काय माहीत. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

एवढं लिहायचं कारण असं. माझ्या शब्दावर कल्याण पूर्णेला नकार कळवायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, माझा शब्द मी मागं घेतला. तो म्हणाला, "मग होय कळवू का?" मी म्हटलं, तेही नको. तो चिडून शेतात गेलाय. तेव्हा आता तू ये. आपण दोघी जाऊ. मी शेजारी बसेन, तोंड उघडणार नाही. गंगम्माशी बोल, त्या पोराशी बोल, तुपाचंही विचार. एका जेवणात कळलं नाही तर पुन्हा जाऊ. तुला नको वाटलं तर बापाला मी बघून घेते. फक्त परत येताना गाडीत, आजी, तुला काय वाटलं, असं विचारू नकोस. चतुराबाईला टाळता आलं, पण तू विचारलंस तर मी सांगून टाकीन.

तुझीच,
आजी