सेकंदाला साडेबारा चित्रं

आई, माझ्या हळदीची कॅसेट सापडली. तुझ्याच कॅमेऱ्यात घालून, जळगावच्या या घरात बसून मी ती कॉम्प्युटरवर उतरवते आहे, आणि दोन दिवस झाले, मला काही उमगत नाही. चित्र अडखळतंय. ज्या सेटिंगवरून तू मला आयुष्यात एकदाच चारचौघींत बोललीस, त्याच सेटिंगवर तू माझ्या हळदीतला नाच काढला आहेस.

धुळ्यातल्या मारवाडी घरांमध्ये बायकांच्या कार्यक्रमाला पुरुष कॅमेरावाला चालत नसे, म्हणून तुला बोलावणं यायचं. तिथे सगळ्या तुला अक्का म्हणायच्या; अक्का आली की बायका घुंघट वर करून मोकळेपणी नाचायच्या. मी कॉलेजात होते, तुझा लाइट धरायचे. अशाच एका घरी मेंदीच्या दिवशी तू घोटभर चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलीस आणि कॅमेरा माझ्या हाती दिलास. मी त्याचं इंग्रजी माहितीपुस्तक वाचलं होतं, त्याचा मला भारी तोरा. नेहमीच्या पद्धतीत तो कॅमेरा सेकंदाला पन्नास अर्धी अर्धी चित्रं घ्यायचा, म्हणून चित्र थांबवलं की हलत्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसायच्या. प्रोग्रेसिव्ह नावाचं सेटिंग लावलं की चित्र अख्खं, स्वच्छ. मी ते लावलं. पण अशी अख्खी चित्रं तो जुना कॅमेरा सेकंदाला साडेबाराच घेऊ शकतो, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. तिथवर मी गेलेच नव्हते. पुढचा सगळा नाच तसाच निघाला.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईने तो टीव्हीवर लावायला सांगितला. घूमरमधली गिरकी सुरू होते आणि एकदम संपलेली दिसते, मधलं काही नाहीच. त्या म्हणाल्या, "अक्का, ये क्या है? सब कूद रही हैं." तू मेनू उघडून पाहिलास आणि माझ्याकडे वळलीस. रागावलीस की तुझी अहिराणी बाहेर यायची. "चित्र झकास शे. पन नाच कोठे शे? दुसरानी पोरना दिवस व्हता तो, परत येस का?" दुसऱ्याच्या लेकीचा दिवस मी घालवला होता. मग तू त्यांना सांगितलंस, "गलती मेरी है." त्या घरातून तुला पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि तू तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

माझी हळद त्यानंतर चार वर्षांनी. तुला साखरेच्या आजाराने पोखरलं होतं, तरी दुसऱ्या कुणाच्या हाती तू कॅमेरा दिला नाहीस. त्याच वर्षी दिवाळीआधी तू गेलीस आणि कॅसेट बघायची राहिली.

आता बघते. आत्या, माम्या नाचताहेत, तिथे सगळं तुटक. मग मी पाटावर हळद वाळायची वाट बघत स्वस्थ बसले आहे, तिथे चित्र लोण्यासारखं सरकतंय, नेहमीच्या पद्धतीचं. म्हणजे मध्ये तू सेटिंग बदललंस. पण मुद्दाम बदलायचं तर उलट हवं होतं ना? नाचाला पन्नास, आणि बसलेल्या मला स्वच्छ चित्र. की तुला नाचणाऱ्यांचे चेहरे अख्खे हवे होते? थांबवून बघितलं तर खरंच एकेकीचा चेहरा कोरल्यासारखा आहे. त्यातल्या तिघी आज नाहीत. की माझी पापणी लवलेलीसुद्धा तुला सोडायची नव्हती? मी एकदा असं मानते, एकदा तसं, आणि पुन्हा कॅसेट मागे नेते.

काल धुळ्याला मावशीला फोन केला. ती हसली. "तिले दिसे कोठे वं? अंदाजवर बटन दाबे ती." असेलही, साखर तुझ्या डोळ्यांत उतरली होतीच. मावशी त्या दिवशी तुझ्याशेजारीच उभी होती. मग ती म्हणाली, "माले बी धाड ना ती कॅसेट, बठ्ठ्या बहिनी सोबत बसीसन देखसूत."

मी तिला सांगितलं, कॅसेटला बुरशी लागली, काही निघालं नाही. खोटं बोलले, आई. त्या सगळ्या मिळून बघतील आणि काहीतरी एक ठरवून टाकतील, याची मला भीती वाटली.