तिसऱ्या घरची चावी

बुधवार, १९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडे तुम्हीही ठीक असाल, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. इकडे काय ठीक आहे आणि काय नाही, ते पुढे येईलच.

हे पत्र मी टाळत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. तू फोनवर म्हणालीस, "बोलू नकोस, लिहून पाठव. बोलायला लागलास की फाटे फोडतोस." खरं आहे. पण लिहितानाही फुटतात गं. पहिल्यांदा बसलो तर पेन चालेना. पेन आणायला गेलो, तर वाटेत दोन माणसं एक भलंमोठं कपाट एवढ्याशा दारातून आत घालत होती. आता हे कसं जातंय बघू म्हणून थांबलो. शेवटी त्यांनी दारच काढलं! घरी आलो तेव्हा पेन आणायचं राहिलंच होतं. नंतर पेनही होतं, कागदही होता, तरी लिहिलं नाही. ते का, ते सांगतो.

तुझा प्रश्न एवढाच आहे की सोसायटीवाले तुझ्या आईकडे लक्ष देतात की नाही. देत असतील तर आत्याला हॉस्पिटलातून घरी आणायचं, नसतील तर वृद्धाश्रमात ठेवायचं आणि घर विकायचं. म्हणजे सगळं माझ्या पत्रावर. शाळेत माझ्या निबंधावर बाईंनी कधी सहीसुद्धा केली नाही, आणि आता हे.

तर पहिल्यापासून. मी राहायला आलो त्याच आठवड्यात एका सकाळी आत्या अजून झोपलेली, मी आंघोळ करून बाहेर येतोय, तर कुलपात चावी फिरली. दार उघडून एक धिप्पाड बाई आत. निळा गणवेश, पायात जाड बूट. मी टॉवेलवर, हातात मोरी घासायचा ब्रश.

"कोण तुम्ही?" मी ओरडलो.

"तू कोण?"

"मी भाचा!"

"मग भाचेबुवा, आधी अंगात काहीतरी घाला," म्हणाली, आणि मला वळसा घालून आत्याच्या खोलीपर्यंत गेली. दाराला कान लावला. स्वयंपाकघरात गॅसची बटणं बघितली. पुढच्या खोलीचा पडदा सरकवला आणि गेली निघून, दाराला पुन्हा कुलूप लावून! मी आत, आणि बाहेरून कुलूप.

आत्या उठल्यावर विचारलं. म्हणाली, "ती होय, बस चालवते ती. तिसऱ्या घरात राहते."

"तिच्याकडे आपली चावी कशी?"

"कशी म्हणजे? सोसायटीचं तसंच आहे."

आणि लागली मटार सोलायला. ताई, मी बोटीच्या तळात राहिलोय, गोदामात झोपलोय, सर्कशीच्या तंबूत महिने काढलेत. सगळीकडे एकच शिकलो, की आपली चावी ज्याच्याकडे, आपलं सामान त्याचं. माझं डोकं तिथेच फिरलं.

मग अध्यक्ष आले. ते दातांचे डॉक्टर आहेत ते. तुला आठवत असतील, लहानपणी तू त्यांना चावली होतीस म्हणे. आत्याची चौकशी करायला आले आणि सरळ न्हाणीघरात शिरले. फरशा बोटाने टकटक वाजवून बघतायत, एकेक, जशी काही दाढच किडली आहे. "इथे पकड नाही," स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू किती दिवस आहेस?"

आता सांग, हा प्रश्न कोण विचारतं? ज्याला आपण गेलेले हवे असतो तो.

पुढे आत्याने मला मीटिंगला पाठवलं, तिचे गुडघे दुखत होते म्हणून. मीटिंग डॉक्टरांच्या गॅरेजात असते, गाडी बाहेर काढून घडीच्या खुर्च्या मांडतात. निम्मा वेळ एका कुंपणाच्या उंचीवरून जुंपली होती. एक काका म्हणत होते की पलीकडचं झुडूप त्यांचं ऊन खातं. दुसरे म्हणत होते, ऊन काय तुमच्या वडिलांचं आहे? मला मजा यायला लागली होती. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आता कोपऱ्यावरच्या घराचं..." आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "तो विषय पुढच्या वेळी."

कोपऱ्यावरचं घर म्हणजे आपलं. सगळं गॅरेज गप्प. बसवाली आपल्या बुटांकडे बघत होती.

त्या दिवसापासून मला जो दिसेल तो चोर वाटायला लागला. एकटी म्हातारी, लेक लांब, चावी परक्याकडे, आणि कमिटी बंद तोंडाने काहीतरी शिजवतेय. आत्याला सांगितलं तर हसली. "घर काय खिशात घालून नेणार आहेत? भिंगरी, तू एका जागी बसत नाहीस ना, म्हणून तुला सगळे पळून जाणारे वाटतात."

मला राग आला. खरंच आला.

ताई, इथपर्यंतचं मी तुला फोनवर तिखटमीठ लावून सांगितलंच आहे. आता जे सांगितलं नाही ते. सर्कशीतला माझा एक दोस्त आता कुलपं बसवतो. त्याला बोलावलं आणि आत्या दुपारी आडवी झाली असताना दाराचं कुलूप बदललं. ती उठली तेव्हा म्हणालो, जुनं अडकत होतं. तिने नवी चावी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि पहिला प्रश्न काय केला? "बसवालीला दिलीस का एक?"

"देतो," म्हणालो.

दिली नाही.

चहा उतू गेला वाटतं. आलोच.

पुसून आलो. हं. तर ती पडली तो दिवस. मी तुला सांगितलं होतं की मी तिची औषधं आणायला गेलो होतो, दुकानात रांग होती, आणि सोसायटीचं कुत्रंही फिरकलं नाही. शिवाय स्वयंपाकघराची खिडकी कोणीतरी फोडली, असली ही कॉलनी, असंही म्हणालो होतो. तू लगेच म्हणालीस, "हे सगळं मला लिहून दे." 

औषधं आणायलाच गेलो होतो, एवढं खरं. रांग नव्हती. दुकानाबाहेर एक ट्रकवाला भेटला, जुन्या ओळखीचा. नदीवर नवा पूल होतोय, तिथे क्रेनने अख्खी तुळई उचलणार होते. "येतोस का बघायला?" म्हणाला. गेलो. ताई, ती तुळई हवेत इतकी हळू फिरत होती की माणसं बोलायची थांबली होती. मी पण थांबलो. औषधं खिशात.

इकडे आत्या न्हाणीघरात पडलेली. बसवाली पहिली पाळी संपवून परत आली, तर आपला पडदा अजून बंद. ती रोज बघते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आली, चावी घातली, फिरेना. तिला वाटलं चुकीची आणली. घरी पळत गेली, होत्या त्या सगळ्या चाव्या घेऊन आली. एकही लागेना. मग आतून आवाज ऐकू आला. डॉक्टर धावत आले. दार तोडायला गेले, पण माझ्या दोस्ताने कुलूप चांगलं मजबूत बसवलं होतं. शेवटी बसवालीने कोपराने खिडकीची काच फोडली, स्वतः आत चढली. तिच्या हाताला टाके पडलेत. ती अजून बस चालवायला गेलेली नाही.

म्हणजे खिडकी फोडणारी ती. आणि आत्याला इतका वेळ ओल्या फरशीवर पडून राहायला लावणारा मी.

मी परत आलो तेव्हा ॲम्ब्युलन्स निघत होती. डॉक्टर दारापाशी उभे, नव्या कुलपाकडे बघत होते.  बसवाली संध्याकाळी हाताला पट्टी बांधून आली आणि दारातच म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलंय की माझ्याकडे चुकीची चावी होती. तूही तेच सांग."

"का?" मला तेव्हाही संशयच आला, बघ. ही मला का वाचवतेय?

"तुला वाचवायला नाही, बावळटा. तुझ्या ताईला कळलं तर ती तुला हाकलेल. तू गेलास की घरात कोणी नाही. घरात कोणी नाही म्हटल्यावर तुझ्या आत्याला ती परत येऊ देईल का?"

मग मी तिला ते मीटिंगमधल्या गप्प बसण्याबद्दल विचारलं. ती हसलीच. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा होता. आत्या दोनदा नाही म्हणाली होती, मी काय लंगडी आहे का म्हणून. माझ्या कानावर पडलं असतं तर मी घरी जाऊन सांगितलं असतं आणि ती तिसऱ्यांदा भांडली असती. बस, एवढंच होतं कारस्थान.

आणि चावीचं. डॉक्टरांनी मला समजावलं. शेजारच्या घराशी माणसाचं कधी ना कधी वाजतंच, पानांवरून, पाण्यावरून, कुत्र्यावरून. भांडल्यावर चावी परत मागायची कशी? म्हणून चावी तिसऱ्या घरी ठेवायची. तिथला माणूस भांडणाइतका जवळ नसतो आणि ऐकू न येण्याइतका लांबही नसतो. मी म्हणालो, मग आमच्याकडे कोणाची चावी असते?  "माझी," डॉक्टर म्हणाले. "बायको गेल्यापासून तुझी आत्या रोज सकाळी माझा पडदा बघते. एकदा मला ताप होता तेव्हा आत येऊन माझ्यावर ओरडून गेली."

मला हे माहीतच नव्हतं. तुला होतं का, ताई? मला वाटत होतं आत्याला सांभाळावं लागतं. ती स्वतः कोणाला तरी सांभाळतेय हे आपल्या कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

सध्या त्यांचा पडदा मी बघतो. जुनं कुलूप परत बसवलं. दांडाही बसला, डॉक्टर आणि ते ऊनवाले काका दोघांनी मिळून बसवला, भांडत भांडत.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे की सोसायटी लक्ष देते. मीच दिलं नाही. मला काढायचं तर काढ, मी तोंड वर करून काही म्हणणार नाही. पण आत्याला घरी येऊ दे. काल भेटलो तेव्हा तिने आधी डॉक्टरांच्या पडद्याचं विचारलं, मग पायाचं सांगितलं. हाड जुळतंय, पुढच्या आठवड्यात सोडतील.

एक विचारू? रागावू नकोस. तुझ्या शेवटच्या फोनमध्ये आत्या किती वेळ पडून होती ते तू विचारलंस, सोसायटीचं कोण आलं नाही ते विचारलंस, काच कोणी फोडली ते विचारलंस. तिला दुखतंय का, हे नाही विचारलंस. धांदलीत राहिलं असेल. मीही खूप गोष्टी विसरतो.

थांब, फाटकाशी गाडी थांबली.

ताई, दाजी आलेत. तू तर म्हणाली होतीस की या महिन्यात त्यांना हलता येणार नाही. सोबत चकचकीत बुटांचा एक माणूस आहे. त्याने मोजायची फीत काढली आणि एक टोक दाजींच्या हातात दिलं. फाटकापासून भिंतीपर्यंत मोजतायत. आता खिडकीकडे बोट दाखवून दाजी त्याला काहीतरी सांगतायत, आणि तो मान हलवतोय. बेल अजून वाजवलेली नाही.

तू म्हणाली होतीस, माझं पत्र आल्यावर ठरवणार. पत्र तर अजून माझ्या हातात आहे.

हे आता पोस्टात टाकत नाही. दाजींच्याच हातात देतो, पाकिटात न घालता. त्या माणसासमोर वाचू देत. आणि आत्या येईपर्यंत मी इथून हलत नाही, हे तूही वाच.

तिच्या घरातून,
तुझा भाऊ
भिंगरी