चौथ्या हौदाची बदली

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे. बाबा आणि मी, दोन ट्रंका, एक गॅसची शेगडी आणि बाबांची हत्यारांची पेटी. ती पेटी त्यांनी पूर्ण प्रवासभर मांडीवर घेतली होती आणि माझी पुस्तकं मात्र टपावर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी फिटर तो फिटरच. आल्या आल्या त्यांनी गळका नळ दुरुस्त केला, मग चहा मागितला.

दोन खोल्यांचं घर छान आहे. खिडकी थेट बंद रंगकारखान्यासमोर उघडते. बावीस वर्षांपूर्वी तो एका दिवसात बंद झाला, मालक निघून गेले, आणि आतली जमीन कापडाच्या रंगाने आणि रसायनांनी भिजलेली तशीच राहिली. आसपासच्या विहिरींना कुलपं आहेत. ती जमीन साफ करून वापरात आणायची आहे. पण पहिलं फावडं पडण्याआधी वस्तीतल्या एकशे बारा घरांपैकी निदान छप्पन्न घरांनी बैठकीला बसायचं, काय हवं ते सांगायचं आणि संमतीपत्रावर सही करायची, असा नियम आहे. ते घडवून आणणं हे माझं काम. मुदत महिनाअखेरपर्यंत. आधीच्या दोन प्रकल्पांत मी खुर्च्या मांडल्या आणि इतिवृत्तं लिहिली. हा प्रकल्प माझा आहे.

बाबा म्हणाले, बाग कर. आणि एक बाक फाटकाजवळ ठेव, मला फार चालवत नाही.

गुरुवार, ६ तारीख

तीन दिवसांत सत्तर घरं पालथी घातली. माणसं चांगली आहेत. सगळे बसा म्हणतात, बाटलीतलं पाणी देतात, माझं सगळं ऐकून घेतात आणि शेवटी बघू म्हणतात. हा "बघू" ऐकून माझे कान किटले आहेत.

शेजारी शिंपीणकाकू राहतात. पन्नाशीच्या असतील. त्यांचा नवरा याच कारखान्यात कापड रंगवायच्या हौदावर कामाला होता. कुठे गेले म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, गेले नाहीत, यायचे आहेत. मी विषय बदलला. दुसरा माणूस म्हणजे फाटकावरचा म्हातारा पहारेकरी. प्रश्नाला मानेने उत्तर देतो, तेही दिलं तर. बाबांनी त्याचं नाव मौनीबुवा ठेवलं आहे.

रविवार, ९ तारीख

पहिली बैठक. जागा फाटकाच्या आत, जुन्या हजेरीखोलीसमोर. चाळीस खुर्च्या, भिंतीवर भलामोठा नकाशा, चार रंगांचे गोल स्टिकर. बाग हवी तर हिरवा, बाजार हवा तर पिवळा, वगैरे. दोन तास वाट पाहिली. एक जण आला. मौनीबुवा. तोही खुर्च्या परत मोजून घ्यायला.

बाबांनी मला वाईट वाटू नये म्हणून नकाशावर हिरवा स्टिकर लावला. मी चिडून तो काढला, तुमचं मत धरता येत नाही म्हटलं. घरी आल्यावर मला रडू आलं.

बुधवार, १२ तारीख

दुसरी बैठक. या वेळी तेवीस जण आले, आणि सगळे फाटकाबाहेर उभे राहिले. आत या म्हणून मी घसा बसेपर्यंत विनवलं. कोणी उंबरा ओलांडेना. सह्यांची वही बाहेर नेली तर पेनाला हात लावेनात. नको असेल तर नको म्हणा, तेही म्हणत नाहीत. मातीतलं विष तुमच्याच पोटात जातंय हो, असं मी अगदी तोंडावर सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या.

ऑफिसातून साहेबांचा फोन आला. सह्या किती, एवढंच विचारलं. मग म्हणाले, लोकांना विश्वासात घ्या. जणू मी त्यांना काठीने हाकते आहे.

बाबा संध्याकाळभर काकूंशी बोलत बसले होते. त्यांचं म्हणणं, लोकांचा राग तुझ्यावर नाही, फाटकाच्या आतल्या कुठल्याही वस्तूला हात लावायची त्यांची तयारी नाही. का, ते त्यांनाही कोणी सांगितलं नाही.

शनिवार, १५ तारीख

आज डोकं चाललं. हजेरीखोलीत एक लाकडी फळा आहे, त्यावर एकशे वीस खिळे आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले, प्रत्येकावर नंबर. पाळीवर येताना कामगार आपला बिल्ला काढून घ्यायचा, घरी जाताना परत लावायचा. फळा बघितला की आत कोण आहे ते कळायचं. साधी, सुरेख पद्धत. उद्याच्या बैठकीला कागद-पेन नाहीच. जो येईल त्याने एक बिल्ला घ्यायचा, जाताना लावायचा, हीच हजेरी. आपल्याच कारखान्याची रीत म्हटल्यावर लोक खुलतील.

फळ्यावर नऊ खिळे रिकामे आहेत. मौनीबुवाला विचारलं तर तो चक्क बोलला. म्हणाला, फळा आहे तिथे राहू द्या, बाई. झालं, यांचं पुन्हा सुरू. मी ऐकलं नाही.

रविवार, १६ तारीख

लोक आले, फाटकात थबकले, मी हजेरीखोलीबाहेर आणून ठेवलेला फळा पाहिला आणि दहा पावलं मागे सरकले. माझा संयम संपला. मी बाबांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हटलं की बघा, माझे वडील सत्तरीचे आहेत, ते घेतात पहिला बिल्ला. बाबांनी हसत चौसष्ट नंबर काढला, खिशात टाकला. कोणी हललं नाही. तीन वाजले होते.

मग एक चांगली गोष्ट घडली. शिंपीणकाकू एकट्या पुढे आल्या, आत आल्या. बाबांना म्हणाल्या, चला, माझे मालक कुठे उभे राहायचे ते दाखवते. दोघं शेडमध्ये जाऊन चौथ्या हौदापाशी उभे राहिले. हौद कोरडा, तळाला भेगाळलेली निळी माती. पण एक माणूस तरी आत आला. मी फोटो काढला.

बिल्ला परत लावायला बाबा विसरले. उद्या लावतो म्हणाले.

मंगळवार, १८ तारीख

बाबा रोज तीनला कारखान्यात जातात. हौदाची झडप अडकते, बघतो म्हणतात. रिकाम्या हौदाची झडप कशाला बघायची, म्हटलं, तर हसले. येताना दमलेले, खोकत, पण खुशीत असतात. नखं निळी झाली आहेत, साबणाने निघत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर विषय उडवून लावला.

बाबांचा चौसष्टचा खिळा सोडला तर फळ्यावर आता आठच खिळे रिकामे आहेत. सतरा नंबरच्या खिळ्यावर बिल्ला आहे. शनिवारी तो नव्हता. मौनीबुवाने कुठून तरी शोधून लावला असेल.

काकू पुरुषाचा सदरा शिवत होत्या. कोणाचा, म्हटलं, तर दारातून आत बघायला लागल्या. खिडकीपाशी पाठमोरा एक माणूस बसला होता. तिशीचा असेल. मांडीवर ठेवलेले हात कोपरापर्यंत निळे.

बुधवार, १९ तारीख

एकसष्ट सह्या. एका सकाळीत.

लोक घरी येऊन सह्या देऊन गेले. मी न बोलावता. बाग, बाजार, काहीही करा म्हणाले. मी हरखून जायला हवं होतं, पण जो तो एकच गोष्ट विचारत होता. तुमच्या ऑफिसातून आणखी माणसं कधी येणार? आठ जण तरी येतील का?

साहेबांना कळवलं. ते खूश झाले, म्हणाले सोमवारी स्वतः येतो.

शुक्रवार, २१ तारीख

बाबा काल परत आले नाहीत.

चौकीवर गेले, दवाखान्यात गेले. मग शेडमध्ये. ते चौथ्या हौदाशी उभे आहेत. लांब दांड्याने कोरडा हौद ढवळत आहेत. मी घरी चला म्हटलं. ते म्हणाले, बदली आल्याशिवाय हौद सोडून कसं यायचं. मी हाताला धरून ओढलं. मी त्यांना दवाखान्यात उचलून नेलेलं आहे, वजन ठाऊक आहे मला. पण ते जमिनीतून उगवल्यासारखे हललेच नाहीत. मी डबा नेला होता. जेवले नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चिडचिड करू नकोस म्हणाले.

केसांना निळा डाग पडला आहे.

शनिवार, २२ तारीख

मौनीबुवाला धरून बसवला. आज तो बोलला, सगळं बोलला.

या कारखान्याची एकच रीत होती. पुढच्या पाळीचा माणूस हौदाशी येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जायचं नाही, नाहीतर माल नासतो. शेवटच्या दिवशी तीनच्या पाळीला मालकांनी फाटक लावलं. बदली बाहेर अडली. आत नऊ जण होते. वायू सुटला तरी ते हलले नाहीत, कारण बदली आली नव्हती. मालकांनी कागदावर लिहिलं, नऊ जण पळून गेले.

कुलूप कोणी लावलं, मी विचारलं. त्याने स्वतःचे हात पुढे केले.

जो बिल्ला घेतो तो पाळीवर. ज्याच्या हौदाशी उभा राहतो त्याची बदली. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. मलाही त्याने बजावलं होतं. मी ऐकलं नाही. बाबांना मी पुढे केलं. मी. सह्यांसाठी.

रविवार, २३ तारीख

काकूंशी भांडले. तुम्हीच नेलंत त्यांना चौथ्या हौदाशी, म्हटलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, बावीस वर्षं वाट पाहून बघ, मग माझ्याशी बोल. आत तो माणूस खाली बघत बसला होता. सदरा त्याला बरोबर बसला आहे.

दारात आठ घरांची माणसं उभी. कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा, आठ जण आत आहेत अजून. फाटकासमोरचा रस्ता झाडून लख्ख केलाय त्यांनी. साहेबांसोबत किती जण येणार, विचारतात.

यालाच मी लोकसहभाग म्हणत होते.

सोमवार, २४ तारीख, सकाळ

ठरवलंय. साहेबांच्या हातात बिल्ला द्यायचा. हसून द्यायचा. फोटोसाठी चौथ्या हौदाशी उभं करायचं. बाबा सुटतील.

हे मी किराण्याच्या यादीसारखं लिहिते आहे, याचीच भीती वाटते. साहेबांना दोन मुलं आहेत. नंतर बघू.

सोमवार, दुपार

साहेबांचा फोन. येत नाहीत. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. बघू. वर अभिनंदन केलं. आजवरचा सर्वांत मोठा सहभाग, अहवाल लवकर पाठवा.

मी फोन भिंतीवर आपटला.

बाबांना पाहून आले. कोपरापर्यंत —

खोकत नाहीत आता. श्वासच —

तीनला दहा कमी.

एकोणतीस नंबर घेतला. मौनीबुवा फाटकात आडवा झाला होता. त्याला ओलांडून —

तीन

बाबांनी कामाची माहिती दिली. झडप अर्धीच उघडायची. डावीकडून ढवळायचं. थांबायचं नाही. सगळं नीट समजावलं, मी लहानपणी सायकल शिकले तेव्हासारखं. मग दांडा माझ्या हातात आला आणि त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं की बदली कोण —

ओरडले. मी घरी जा म्हटलं.

हौद कोरडा नाही. इथून तो कोरडा नाही दिसत.

बाकीचे आठ जण माझ्याकडे बघतात. बघून मान खाली घालतात.

किती तारीख

एका हाताने लिहिते. दुसरा दांड्याला आहे.

बाबा फाटकाजवळ बसतात. बाक नाही, पेटीवर बसतात. फाटकाबाहेर रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवतात. गोड बोलतात. हसून खिशातून काहीतरी काढून पुढे करतात. काल एक टपालवाली बाई थांबली होती. माझ्याच वयाची.

बाबांना मी असं करू नका म्हणाले. म्हणजे, म्हणायला हवं होतं. ते आले तेव्हा मी विचारलं, ती घेईल का हो?

वही सापडेल त्याच्यासाठी लिहून ठेवते. बिल्ल्याला हात लावू नका. कोणी कितीही गोड बोललं तरी नको. हे आज लिहिते आहे, आज मला तसं वाटतंय. उद्या काय लिहीन ते मी —