दुसरा प्रोसेसर संगणकाला दिसेपर्यंत ऑपरेटर कमी न करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
नवजोत सहकारी सूतगिरणी, चुडावा,
ता. पूर्णा, जि. परभणी.

विषय : संगणकाला दुसरा प्रोसेसर दिसत नसताना अर्जदारास जादा ठरविल्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २ ऑगस्ट १९९३.

महोदय,

अर्जदार अंबिका काशीनाथ सोळंके ही आपल्या गिरणीचा संगणक चालविते. ती कळविते की,

१. संगणकात जूनमध्ये दुसरा प्रोसेसर बसविला. हळदीकुंकू वाहिले, नारळ फुटला, आपले भाषण झाले. फक्त संगणकाला कोणी काही सांगितले नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम अजून एकच प्रोसेसर धरते. सारे काम जुनाच ओढतो आणि नवा पंख्याचा वारा खात बसला आहे.

२. संगणक कंपनीच्या इंजिनिअरने सांगितले की, दोन प्रोसेसर चालविणारी सिस्टीम टेपवरून चढवावी लागेल व त्यासाठी मशीन एक दिवस बंद हवे. टेप भांडारात आहे. भांडारपाल दत्तराव म्हणतात, "ताई, प्रोसेसर चालू हाय म्हून शेरा पडलाय. चालू मालाला टेप कशापायी देऊ?" शेरा मारणारे आस्थापना अधिकारी किशनराव म्हणतात की, नारळ फुटल्यावर बंद कसे लिहायचे? त्यांचेही खरेच आहे. फुटलेला नारळ परत जोडता येत नाही.

३. आता प्रोसेसर दोन झाले, सबब दोन ऑपरेटरांऐवजी एकच पुरे, असे ठरवून अर्जदारास महिनाअखेरीस घरी बसण्याची नोटीस मिळाली. अर्जदाराचे पती अंथरुणाला खिळलेले आहेत व घर याच नोकरीवर चालते. नोटीस ऐकून सासूबाई बायनाबाई म्हणाल्या, "जे मशीनला दिसंना, ते सायबाला कसं दिसलं गं?" हाच प्रश्न अर्जदार आपणांस विचारते. तिला लय भीती वाटते, हे स्पष्ट लिहिते.

४. तरी टेप व एक दिवसाची परवानगी मिळावी. ते जमत नसल्यास व कोणाला तरी कमी करणे भागच असल्यास, शेवटी रुजू झालेल्यास आधी कमी करावे, हा गिरणीचाच नियम आहे. अर्जदार १९८९ साली रुजू झाली. दुसरा प्रोसेसर यंदा आला व आजतागायत त्याने कामाला हात लावलेला नाही. नोटीस त्याला बजावावी. त्याने न स्वीकारल्यास रीतीप्रमाणे त्याच्या दारावर डकवावी. डिंक अर्जदार घेऊन येईल.

आपली, अद्याप कामावर असलेली,
अंबिका काशीनाथ सोळंके
चुडावा, दि. ९ ऑगस्ट १९९३

सोबत : १. इंजिनिअरचा अहवाल.
२. नारळ फोडतानाचा फोटो (अर्जदार मागे, मशीन पुसताना).